सहावा सांधा

लोणावळा,
८ डिसेंबर २०२४

चि. रियाज यास महिपतीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. तुझ्या नजमाची तब्येत आता बरी असेल. रुमाईसा शाळेत जाते ना? तळेगावच्या कारखान्यात तुला काम लागलं असं ऐकलं, दिवसभर उभ्याचं काम आहे म्हणे. फोन तू उचलत नाहीस. तीनदा केला, मग मीही सोडला. मलाही मान आहे. म्हणून हा कागद.

थंडी चांगली पडलीय. आमच्या हिचे, नंदाबाईचे, पाय दुखतात. माझा गुडघा तर तुला ठाऊकच आहे.

बंगल्यावरची बातमी तुला नको असेल, तरी ऐक. तुला काढल्यावर आदिनाथशेठनी पवन नावाचा नवा वायरमन आणला. बागेतल्या त्या खेळण्याच्या आगगाडीसाठी तू पुरलेली सगळी वायर त्यानं उपसली. गुलाबाचा वाफा खणला, तळ्याकाठची फरशी उचकटली. नवी वायर टाकली, गाडीचा रूळ बदलणारे सांधे फिरवणाऱ्या मोटरी बदलल्या. आणि गाडी? पुन्हा तेच रडगाणं. बटण दाबलं की सांधा टक्‌ करून फिरायचा आणि मांजराएवढं ते इंजिन नेमकं त्याच्यावर येऊन मरायचं. बोटानं ढकललं की पुढं चालू. शेठच्या नातवाच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर झालं होतं, अगदी तसंच.

पवनच्या कपाळावर आठ्या, आणि मला आतून बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस लक्षात आलं, सहा सांध्यांपैकी पाचच बिघडतात. बोगद्यामागचा सहावा कधीच नाही. तिथं बकुळीच्या फांद्या पार खाली आल्यात, रांगत जावं लागतं, आणि माझा गुडघा वाकत नाही. म्हणून तेवढ्या एका सांध्याला मी कधी तेल घातलं नव्हतं.

रेल्वेत चौतीस वर्षं रोज सकाळी सांधे पुसले, तेल घातलं. कोरडा सांधा म्हणजे पाप, हे अंगात मुरलेलं. पण खऱ्या गाडीला वीज वरच्या तारेतून मिळते, ह्या खेळण्याला रुळातून. सांध्याची हलणारी पट्टी शेजारच्या रुळाला टेकली, तरच तिच्यात करंट येतो. मी रोज तेल घालायचो, त्यावर खडीची धूळ बसायची, काळा चिकट थर व्हायचा. पट्टी टेकल्यासारखी दिसायची, पण टेकायची नाही. रॉकेलच्या फडक्यानं पाचही सांधे पुसले. गाडीनं न थांबता सात फेऱ्या मारल्या.

शेठ म्हणाले, "अनुभव तो अनुभव!" मी त्यांचा चहा प्यायलो आणि गप्प बसलो. पंधरा दिवस गप्प बसलो.

तू मला सांगितलं होतंस. पहिल्याच आठवड्यात. "भाऊ, ह्या रुळातनं करंट जातो, तेल नका घालू." आणि मी माळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो होतो, "तुझ्या जन्माआधीपास्नं सांधे पुसतोय म्या, मला नगं शिकवू!" वाढदिवसाच्या दिवशी शेठनी विचारलं, चूक कुणाची. मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही. एवढंच म्हणालो, "वायरिंगचं काम असंल, शेठ." तू शेजारी पक्कड घेऊन उभा होतास. माझ्याकडं एकदा बघितलंस आणि पक्कड पिशवीत टाकलीस.

राग मला तुझाही येतो, रियाज. का नाही बोललास? तुझं तोंड कुणी शिवलं होतं? बोलला असतास तर मी भांडलो असतो, हरलो असतो, मोकळा झालो असतो. गप्प बसून तू मला कायमचा चोर करून ठेवलंस.

नंदाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "त्या पोराच्या पोटावर पाय दिलात तुमी. मला काय सांगताय? तितं जाऊन सांगा."

आज सकाळी गेलो. पवनसमोर शेठना सगळं सांगितलं. ते हसले. "मग तो तेव्हाच का नाही बोलला?"

"मला भाऊ म्हणतो म्हणून," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.

म्हणाले, "जाऊ द्या हो महिपती, गाडी चालतेय ना आता?" रियाजला परत बोलवा म्हटलं, तर फोनमध्ये बघायला लागले. शेठच्या शब्दावर ज्या तीन बंगल्यांनी तुझं काम बंद केलं, तिथंही गेलो. एकानं ऐकून घेतलं. दोन ठिकाणी वॉचमननं फाटक उघडलं नाही. शेठकडचं काम मी सोडलं.

रेल्वेत बिघाड झाला की जबाब लिहून द्यावा लागायचा. तसा एक सोबत जोडलाय, सहीनिशी. तेल महिपतीने घातले, रियाजच्या वायरीत दोष नव्हता, असं स्वच्छ लिहिलंय. कुठं काम मागायला गेलास तर दाखव. माझ्या सहीला आता किती किंमत आहे, माहीत नाही.

उत्तर पाठवू नकोस. रुमाईसाला आशीर्वाद.

खाली नेहमीसारखं 'तुझा भाऊ' लिहिलं होतं. खोडलंय.

महिपती,
निवृत्त सांधेवाला