हसू आलं तिथे रेघ

४ फेब्रुवारी
डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले — "त्यांना किती समजतंय, सांगता येत नाही." अर्धांगाचा झटका येऊन पाच आठवडे झाले! हिचा उजवा हात गेला, बोलणं गेलं, ते मलाही दिसतं. पण आत ही आहे की नाही? चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. आत अडकलेला माणूस निदान दार तरी बडवतो. ही भिंतीकडे तोंड करून पडून असते.

५ फेब्रुवारी
मुलीचा फोन. महिनाअखेरपर्यंत फरक दिसला नाही तर आईला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं म्हणते. जागाही बघून ठेवलीय. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपणार नाही." झेपत नाहीच. काल हिला उठवताना दोघंही जमिनीवर बसलो. हे तिला सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी
व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, आवडीचं काही वाचून दाखवा. आवडीचं म्हणजे त्या नऊ कादंबऱ्या! सगळ्या एकाच लेखकाच्या, तोही कधीच गेला. एक गल्ली, तिथली माणसं. त्यांतला एक मामा कुणाची तरी छत्री परत करायला निघतो आणि तीन छत्र्या घेऊन घरी येतो — संपली कादंबरी! लग्नाला बत्तीस वर्षं झाली. ही दर वर्षी त्याच वाचते, आणि मी दर वर्षी विचारतो, "या खेपेला काही वेगळं घडलं का?"

८ फेब्रुवारी
समासात सगळीकडे पेन्सिलीच्या बारीक रेघा. मोठ्याने हसू आलं तरच एक रेघ, नुसतं गालात हसलं तर नाही — हा हिचा नियम. छत्रीच्या वाक्याशी मोजल्या. तेवीस! मी वाचून दाखवलं. चेहरा कोरा. हिचाही, माझाही.

११ फेब्रुवारी
रेघ आली की थांबतो, हिच्याकडे बघतो. काही नाही. मुलगी फोनवर ऐकत होती. "बाबा, सूचना फलक वाचताय का?"

१४ फेब्रुवारी
भरवलेलं सगळं बाहेर. माझा तोल गेला. "ऐकू तरी येतंय का तुला?" — इतक्या जोरात की शेजारच्या वहिनी धावत आल्या. मग स्वयंपाकघरात नळ सोडून रडलो.

१५ फेब्रुवारी
वाचलं नाही.

१९ फेब्रुवारी
पुन्हा सुरुवात केली. खरं सांगायचं तर हिच्यासाठी नाही — मामाचं पुढे काय झालं ते बघायचं होतं! या लेखकाला कुणाला वाईट ठरवताच येत नाही. त्याचा चोरसुद्धा जाताना दार ओढून घेतो, मांजर आत येईल म्हणून. चादरी बदलून, औषधं देऊन झाली की मलाही त्या गल्लीत जाऊन बसावंसं वाटतं. बत्तीस वर्षं ही तिथे जात होती. एकटीच. मी कधी सोबत गेलो नाही.

२४ फेब्रुवारी
मुलगी शनिवारी केंद्राचे कागद घेऊन येतेय. सही माझी लागणार. "नाही" म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

२६ फेब्रुवारी
सहाव्या कादंबरीत एक पान दुमडलेलं सापडलं. त्यावर एकही रेघ नाही. लिफ्टचं प्रकरण! मग आठवलं. मी कामावर निघालो होतो, ही उघडं पुस्तक घेऊन दारापर्यंत आली होती. "अहो, ऐका ना, यात लिफ्टवाला आहे." मी म्हणालो, "नंतर."

२७ फेब्रुवारी
वाचलं. बारा वर्षं अबोला धरलेले दोन शेजारी लिफ्टमध्ये अडकतात. तरी एकमेकांशी बोलत नाहीत! वरून डोकावणाऱ्या दुरुस्तीवाल्याला म्हणतात, "त्यांना सांगा, माझ्या पायावर उभे आहेत." आणि तो बिचारा स्क्रू फिरवता फिरवता निरोप पोचवतो — "साहेब, ते म्हणतात, पाय." मला हसू फुटलं. आवरेना! चष्मा काढला, पोट धरलं, पुढची ओळ वाचताच येईना.

डोळे पुसून पाहिलं तर हिने मान वळवलेली. डावा हात उचललेला. पाणी दिलं — बाजूला सारलं. उशी दिली — तीही. काय हवंय तेच मला कळेना. शेवटी हात खाली पडला. आणि उद्या मुलगी येतेय.

२८ फेब्रुवारी
सकाळी पुस्तक उघडलं तर पुन्हा तोच हात, माझ्या खिशाकडे. खिशातली पेन्सिल हवी होती! हातात दिली. लिफ्टच्या पानावर, समासात, एक वाकडी रेघ.

माझ्या हसण्याची.