झेलीआत्याच्या चुलीचं माप

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला धाकट्याचा नमस्कार. दिजोंची थंडी आमच्या डोंगरातल्या थंडीपुढे नवशिकीच, तरी तू छाती जपत असशील असं धरून चालतो. इकडे ओदील बरी आहे आणि तळघरातली चीजची चाकंही बरी आहेत (हा क्रम या खेपेला मी विचार करून लावला आहे, मागच्या पत्रात उलटा लागला होता आणि ते तिने वाचलं). दर रविवारी तुम्हा सगळ्यांसाठी एक मेणबत्ती लावतो, वहिनीच्या पाठीसाठी एक वेगळी. पाठीला उतार पडला नसेल तर कळव, मोठी लावीन.

झेलीआत्या चौऱ्याऐंशीची झाली. तिची प्रकृती उत्तम आहे, कारण तिचा राग उत्तम आहे. हे पत्र तिच्याबद्दलच आहे.

आपल्या गावात जंगलाचं लाकूड माणसांना वाटत नाहीत, चुलींना वाटतात, हे तुला सांगायला नको. एक चूल, एक वाटा. पण आपल्या एका घराला दोन वाटे का, याची हकिकत तू फक्त आईच्या तोंडून ऐकली आहेस. तेव्हा तू दोन वर्षांचा होतास आणि मी नव्हतोच. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आईने बटाट्याच्या सूपमध्ये मूठभर जिरं घातलं. (आई शेवटपर्यंत म्हणत होती, घातलं नाही, सांडलं.) आत्याने आपला वाडगा उचलला, मागच्या खोलीतल्या भिंतीत जी बारकी चूल आहे ती पेटवली, आणि दुसऱ्या दिवशी चावडीत जाऊन वेगळी चूल म्हणून नाव लावून आली. त्याला त्रेपन्न वर्षं झाली. दुपारी ती आमच्याबरोबर जेवते, पण रात्रीचं सूप तिचं तिच्या चुलीवर.

आता असं बघ. तिचं लग्न नाही, मूल नाही, शेत बाबांच्या नावावर होतं, घर तुझ्यामाझ्या नावावर आहे. नोव्हेंबरात एका रविवारी प्रार्थनेनंतर चावडीत चुलींची नावं वाचतात, तेव्हा वर्षातून एकदा साऱ्या गावासमोर मोठ्याने म्हटलं जातं, ‘कुमारी झेली ग्रोपेराँ, एक चूल.’ त्या दिवशी ती निळा कोट घालते, पहिल्या रांगेत बसते आणि पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ‘हजर!’ म्हणून ओरडते. लाकूड हा त्यातला दुय्यम भाग आहे.

तर या सप्टेंबरात धुराडी साफ करणारा प्रोस्त आला. आत्याच्या धुराड्यात डोकं घातलं, काळं करून बाहेर काढलं आणि म्हणाला, “आजी, आतल्या विटा फुटल्यात. पुन्हा इथे उघडा विस्तव केलात तर साफ करायला मी येणार नाही, बंब येईल.” धुराडं ठीक असल्याच्या कागदावर सही केली नाही. एरवी आपण तो कागद डब्यात टाकून दिला असता. पण नव्या सरपंचबाईंनी यंदा ठराव केला आहे की ज्या चुलीला प्रोस्तचा कागद नाही, ती चूल यादीत नाही. आत्याने हे ऐकलं आणि दोन दिवस कोणावरही चिडली नाही. दादा, तू तिला ओळखतोस. त्या दोन दिवसांत मी जेवढी जपमाळ ओढली तेवढी आईच्या आजारपणातही ओढली नव्हती.

उपाय प्रोस्तनेच सांगितला. चुलीच्या पोकळीत बसवायची लोखंडी पेटी मिळते, पुढे काचेचं दार, वर पोलादी नळी थेट छपरापर्यंत. विस्तव पेटीत राहतो, फुटक्या विटांना धूर लागत नाही. फक्त माप नीट घ्या, म्हणाला.

इथे मी चुकलो. मोजपट्टी आणायला निघालो तर आत्या म्हणाली, “तीस वर्षं चीजची चाकं उचलतोयस नि तुला पट्टी लागते?” हे मला लागलं (अभिमान हे पाप आहे, मी त्याची कबुली देऊन आलो आहे). आपले हात चाकाचं माप विसरत नाहीत. मी चाक धरल्यासारखे हात केले, चुलीच्या तोंडाशी नेले. चाक उभं आत जात होतं, शिवाय दोन्हीकडे चार चार बोटं जागा. झालं माप.

मग पोंतार्लिए शहरात, पेट्यांच्या दुकानात मी आणि आत्या. दुकानदार वुइयेर्मो भला माणूस. मी प्रत्येक पेटीपुढे हात पसरून उभा राहतो आहे हे पाहून त्याने आधी मला खुर्ची देऊ केली. मग मी सवयीने प्रत्येक पेटी बोटाच्या पेराने ठोकून कान लावू लागलो (चीज आतून तडकलं असेल तर आवाज बदलतो, लोखंडाचंही तसंच असणार), तेव्हा त्याने आत्याला हळूच विचारलं की हे नेहमीच असे असतात का. आत्या म्हणाली, “लहानपणी याहून बरा होता.”

त्याने खोली केवढी विचारलं. “एक बाई, एक मांजर,” आत्या म्हणाली. त्यावर त्याने सर्वात लहान पेटी पुढे केली. आत्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास. तो बिचारा समजावत होता की लहान खोलीत मोठी पेटी घेतली तर आच सोसत नाही, मग माणूस हवा बंद करून लाकूड नुसतं धुमसत ठेवतो, काच काळी होते, धुराड्यात डांबर साचतं. पेटी लहान घ्यावी आणि भरभरून जाळावी. मला तर हा उपदेश रविवारच्या प्रवचनात चालला असता. पण आत्या म्हणाली, “अहो, सरपंचबाई बघायला येणार आहेत. ही बघून म्हणतील, म्हातारी भातुकलीचा संसार मांडून बसलीय.” तिचं बोट भिंतीशी असलेल्या एका राक्षसाकडे होतं, ज्यात आख्खं डुक्कर भाजता आलं असतं. शेवटी माझ्या हातांच्या मापात बसणारी मधली पेटी घेतली. वुइयेर्मोने दोनदा विचारलं, “मागची रुंदी मोजलीत ना?” मी हात दाखवले.

मागची रुंदी, दादा! आपल्या आजोबांच्या बापाने बांधलेली चूल आत जाता जाता निमुळती होते. पुढे चाक, मागे जेमतेम अर्धं. पेटी बसवायला आलेल्या दोघांनी ती ढकलली, मी ढकलली, ओदीलने ढकलली. गोठ्याच्या दारात अडून बसलेल्या गाईसारखी ती वीतभर बाहेर राहिली. आत्याने त्या बाहेर आलेल्या भागावर टेबलक्लॉथ घातला आणि म्हणाली, “राहू दे अशीच. विचारलं तर कपाट आहे म्हणू.” मांजर वर चढून बसलं. नावं वाचायला सहा दिवस राहिले होते.

मी पुन्हा पोंतार्लिएला गेलो. या वेळी खिशात पट्टी होती, हात मी पाठीमागे बांधले होते. वुइयेर्मोने माझ्या हातांकडे न बघता (तो स्वर्गात जाईल) मधली पेटी परत घेतली आणि सर्वात लहान दिली. ती सर्रकन बसली. वरून नळी सोडली. शुक्रवारी प्रोस्त आला, पेटवून पाहिली, सही केली. शनिवारी सरपंचबाई आल्या, गुडघ्यावर बसून काचेतून पाहिलं आणि म्हणाल्या, “किती गोड आहे हो!” आत्याने हा अपमान कागदाकडे बघून गिळला.

रविवारी नाव वाचलं. यंदाचं ‘हजर’ इतकं मोठं होतं की पुढच्या बाईंचं नाव पुन्हा वाचावं लागलं.

सर्व काही देवकृपेने पार पडलं. वहिनीला नमस्कार.

तुझा,
आँतेल्म

ता.क. पेटी त्या शनिवारनंतर पेटलेली नाही. आत्या संध्याकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात आमच्या शेगडीला पाय लावून बसते आणि रात्रीचं सूपही आमचंच पिते. विचारलं तर म्हणते, “तुमचं लाकूड असताना माझं जाळायला मी काय वेडी आहे?” मला टोचणी लागली, म्हणून मी फादरांना विचारलं की विझलेल्या चुलीला चूल म्हणणं खोटं होईल का. ते म्हणाले, “माझ्याकडे अकरा गावांची अकरा चर्चं आहेत. दर रविवारी त्यातल्या दहांत मेणबत्ती लागत नाही. त्यांना काय म्हणू?”

ता.क. २. कोणाला कुठली झाडं याच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यात आत्याच्या वाट्याला ओढ्यावरची उभी चढण आली आहे, बीच जातीची नऊ झाडं, सगळी अजून न तोडलेली. मार्चअखेर तोडून खाली आणली नाहीत तर नियमाने नाव यादीतून जातं. शिवाय त्या गोड पेटीत वीतभराहून थोडंच लांब लाकूड मावतं, म्हणजे मीटरच्या प्रत्येक ओंडक्याचे चार तुकडे. माझ्या वाट्याची झाडं वेगळी. तुझी फेब्रुवारीतली आठवडाभराची रजा अजून ठरली नसावी, असं मी धरून चालतो.

ता.क. ३. आत्याने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणते, तुझ्या दादाला, देझिरेला लिही की उगाच धावपळ करू नको, तुम्हा दोघा भावांची गरज नाही, माझी झाडं मी पाडीन. हे मी तिच्या आग्रहाने लिहिलं आहे. दादा, ती आत्ता अंगणात करवतीला धार लावते आहे. फेब्रुवारीची वाट बघू नकोस.