निरुपमासाठी चार स्पीकर

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७:१०
निरुपमा आठ दिवसांसाठी म्हणून बडोद्याहून नाशिकला बहिणीकडे गेली. आज त्रेचाळिसावा दिवस. मी काळजी करत नाही. कारण शोधून काढलंय. जाताना स्टेशनवर म्हणाली होती, घरापासून इथपर्यंत तुम्ही गाडीत एक शब्द बोलला नाहीत, आणि एकतीस वर्षं हेच चाललंय. तक्रार रास्त आहे. गाडीत फार शांतता असते. २००६चं मॉडेल, जुना टेप कधीच बंद पडलाय.
निर्णय : नवा स्टिरिओ बसवणे. मग नाशिकला जाऊन तिला आणणे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या आत.

७ जानेवारी
रावपुऱ्यातून स्टिरिओ आणला. ब्लूटूथ, चार स्पीकर. दुकानदार हर्षदभाई म्हणाला, काका, फिटिंग फ्री छे. मी नको म्हटलं. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली आहेत. टाइम ऑफिसात होतो, पण वायरिंगवाल्यांची हजेरी मीच घ्यायचो.

९ जानेवारी
जुना टेप निघाला. सोबत डॅशबोर्डच्या दोन क्लिपा निघाल्या. त्या तशाही तुटणारच होत्या.
पुस्तिकेत वायरींना सात रंग दिलेत. आमच्या गाडीत सगळ्या मातकट.
इराचा बंगळुरूहून फोन. म्हणाली, बाबा, एवढा खटाटोप कशाला, आईला सरळ फोन करा ना. आजकालच्या मुलांना पद्धतशीर काम म्हणजे काय ते माहीतच नाही.

११ जानेवारी, शनिवार
लागला! आधी हॉर्न वाजला, पण नंतर स्टिरिओ लागला.
किल्ली काढली की तो सगळं विसरतो. घड्याळात पुन्हा बारा. हर्षदभाई फोनवर म्हणाला, लाल आणि पिवळी उलटी जोडलीत. मला तसं वाटत नाही. रोज सकाळी वेळ लावायची, त्यात काय मोठंसं? मागचा डावा स्पीकर मुका आहे. माणसं दोन. तीन पुरतात.

१४ जानेवारी, उत्तरायण
अख्खं बडोदं गच्चीवर. दुकानं उद्याही बंद. डॅशबोर्ड परत बसत नाही, दोन बोटं फट राहते. तिथे रुमाल कोंबला.
नाशिक पुढे ढकललं. नवी तारीख २६ जानेवारी.
तिळगूळ मीच आणला, मीच खाल्ला. समोर कोणी नव्हतं म्हणून काही बोललो नाही. काही वाटलंही नाही. लाडू कडक होते.

१९ जानेवारी, रविवार
स्टिरिओची पूजा केली. नवी वस्तू पूजेशिवाय वापरू नये. एरवी हे खातं निरुपमाकडे असतं. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर फूल. कुंकू पाण्यात जरा जास्तच पातळ झालं. स्टिरिओच्या पडद्याखाली चांगलं ठसठशीत बोट लावलं. तिथे एक बारीकसं भोक आहे, त्यात ओघळून मस्त बसलं. तिने पाहिलं असतं तर नावं ठेवायला जागा नव्हती.

२१ जानेवारी. संध्याकाळी ६:३०
पाच चाळीसला गाडीत नुसता बसलो होतो. गाणं थांबलं, पडद्यावर फोनची खूण आली, हिरवं बटण दाबलं आणि गाडीभर निरुपमाचा आवाज आला. तीन बाजूंनी. एकोणसाठ दिवसांत पहिल्यांदा.
म्हणाली, इथे एका शाळेत लायब्ररीचं काम मिळतंय, सोमवारपासून. घेऊ, की परत येऊ? तुम्ही सांगा.
मी लगेच म्हटलं, ये. लगेच. एकतीस वर्षांत एवढं झटपट उत्तर मी तिला दिलेलं नाही. ती म्हणाली, ऐकताय ना? मी ओरडलो, ये, आत्ता निघ. समोरचा पानवाला वळून बघायला लागला. ती म्हणाली, हॅलो, अहो, काहीतरी बोला. मी बोलतच होतो.
मग म्हणाली, आत्ताही नाहीच ना, आणि ठेवला.
फोन माझ्या खिशातच होता. काढून कानाला लावावा हे सुचलं नाही. फार वाईट वाटलं. नोंद करून ठेवतो.

२२ जानेवारी
ते भोक म्हणजे माइक, आणि तो कुंकवाने बुजलेला. हर्षदभाई टॉर्च मारून म्हणाला, काका, आमां तो कंकु भरायुं छे. हसला. बाहेरून लावायचा वेगळा माइक मागवलाय.
इरा म्हणाली, बाबा, आत्ता, या क्षणी, साध्या फोनवरून तिला फोन करा. मी म्हटलं, अर्धवट काम ठेवून फोन करणं बरोबर नाही. मग म्हणाली, बाबा, तुम्ही घाबरता. मी म्हटलं, बॅटरी उतरलीय. ऐंशी टक्के होती.

२५ जानेवारी, शनिवार
माइक आला. हर्षदभाईने बसवला. मी हाताची घडी घालून उभा राहिलो नाही, देखरेख केली. लाल-पिवळी वायर, चौथा स्पीकर, डॅशबोर्ड, सगळं पस्तीस मिनिटांत. पाया मी घालून ठेवला होता म्हणून.
उद्या सुट्टी. सुट्टीच्या दिवशी महत्त्वाचं बोलू नये. नाशिकच्या आधी फोन करून घेतलेला बरा, म्हणून सोमवारी फोन.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ९:५०
गाडीत बसून फोन लावला. बोलायचं कागदावर लिहून घेतलं होतं, चार ओळी. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. रिक्षात होती, शाळेत निघालेली. म्हणाली, बोला.
मी विचारलं, आवाज येतोय का?
म्हणाली, अगदी स्पष्ट येतोय.
मी बरं म्हटलं. कागद मांडीवर उघडा होता. नाशिकची रिक्षा चारही स्पीकरमधून ऐकू येत होती, सिग्नलला थांबलेलीसुद्धा कळली. ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, शाळा आली, आत जाते. मी म्हटलं, हो.
पडद्यावर दोन मिनिटं अकरा सेकंद असं आलं. आवाजात कुठेही दोष नव्हता.