भुजांबाहेरचे तारे

१२ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

परिषद पार पडली. माझं व्याख्यान बरं झालं. गाडी कुठे अडली नाही.

तुझ्या जुन्या निष्कर्षाला मात्र धक्का लागला. दीर्घिकेच्या सर्पिल भुजांमध्ये वायूचे तारे जास्त झपाट्याने होतात, असं तू मांडलं होतंस. मी दोन भुजांमधल्या अंधाऱ्या पट्ट्यातला वायूही मोजला. तेवढ्याच वायूतून तिथेही जवळजवळ तेवढेच तारे घडतात. भुजा वायू गोळा करते, म्हणून तिथे ताऱ्यांची गर्दी, इतकंच. तो विरळ वायू तेव्हाच्या दुर्बिणींना दिसत नव्हता, हे मी आदराने सांगितलं.

गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो उतू जावो.

तुझी,
ठमी


१९ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. म्हणूनच तर दोन जिने चढून तुझ्या व्याख्यानाला आले. तुला चकित करायची हौस! शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी बसले होते.

तुझं गणित चोख आहे. माझी चूक तूच काढलीस याचा मला तोराच चढला. तू पडद्यावर दाखवलेल्या दीर्घिकेच्या जुन्या छायाचित्रातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या. मी तारे मोजायचे तेव्हा तू मांडीवर बसून तीच पेन्सिल चावायचीस. बाईंना दिसलं तेवढंच त्यांनी मोजलं, असं म्हणालीस, सगळे हसले, मीही हसले. पण या बाई तुमच्या ओळखीच्या का, असं अध्यक्षांनी विचारल्यावर तू म्हणालीस, फक्त नाव ऐकलंय. मग चहाला थांबले नाही. नको तिथे कशाला कडमडले, असं झालं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या


२३ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तोंड लपवायला जागा उरली नाही. काल अध्यक्षांना खरं सांगून आले. तारे मोजायला मला आत्याने शिकवलं, हे निबंधातही छापून येईल. अध्यक्ष म्हणाले, बोलण्याच्या ओघात निघतं तोंडून. मी मान डोलावली.

तुला तरी खोटं नको. ओघात नव्हतं निघालं. लोक नुकतेच हसले होते, आणि खांबाजवळ तू मला दिसलीस. ओळख दाखवायला तू हात वर केला होतास. तो पाहिला, आणि मग मी तसं म्हणाले.

तेव्हा मला तुझी लाज वाटली, आत्या. लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.

तुझी,
ठमी