खिडकीपर्यंतची रेघ

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. बालवाडीत पुराचं पाणी घोट्याएवढं नव्हतं, खिडकीपर्यंत होतं. मुलं आधीच घरी गेली होती. मी सुखरूप आहे.

दुपारी मुलं निजली की भिंतीवरची ओलीची रेघ निळसर दिसते. आपण सगळे तळ्याच्या तळाशी आहोत असं वाटतं.

बालवाडीच्या जागेचे मालक म्हणतात, “पूर पूर्वीही यायचे. हवामान बदललं हे थोतांड आहे.”

“मग तुमचं कपाट थोतांडानंच वाहून नेलं का?” आमच्या स्वयंपाकीणबाई म्हणाल्या.

आता मालक भिंत रंगवणार. रेघच गेली, तर वर्ग वरच्या मजल्यावर न्यायला हवा हे कुणाला पटेल?

आपल्या घरच्या दाराच्या चौकटीवरच्या माझ्या उंचीच्या खुणा आहेत ना अजून? बाबांचा खोकला?

रंगारी शुक्रवारी येणार. पालकांसमोर मी मुलांना त्या रेघेखाली उभं करणार आहे, गुरुवारी सकाळी.

तुझी,
धाकटी