पुढच्या विद्यार्थ्यासाठी एक पान

२ सप्टेंबर
शेहेचाळिसाव्या वर्षी गळ्यात विद्यार्थ्याचं ओळखपत्र अडकवून कामावर हजर झाले, आणि खरं सांगते, मजा वाटली. सरोवराकाठची ही कागदगिरणी कधीच बंद पडली. मागे राहिलंय ते सांडपाण्याचं तळं आणि त्याभोवतीच्या बारा विहिरी. रोज त्यांची पातळी मोजायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वहीत नोंद करायची. साहेब रायमो टेर्वो, साठीचे. मला पाहून म्हणाले, विद्यार्थिनीबाई, तुमच्या वयात माझ्या आईने दात काढून ठेवले होते. मी म्हणाले, माझे अजून चावतात. हसले.

प्रात्यक्षिकाच्या सत्रासाठी ही जागा मी पसंतीत पहिली लिहिली ती जॉयलिनमुळे. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्राच्या अहवालाशेवटी पुढच्यासाठी एक पान लिहायचं असतं. मागच्या सत्रातल्या जॉयलिनने लिहिलं होतं : शांत जागा. माणसं प्रेमळ. दुपारी गरम सूप. निश्चिंत या.

व्हर्नाला कळवलं पाहिजे. आम्हा दोघींची नोकरी एकाच दिवशी गेली, विद्यापीठात नावंही एकाच दिवशी घातली. तिचं सत्र जानेवारीत.

११ सप्टेंबर
गुरुवार, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप. टेर्वो स्वतः करतात, छान करतात. त्यांनी सहा वाडगे भरले. आम्ही दोघंच. विचारलं तर म्हणाले, बाकीचे खाली अहवाल लिहितायत, सही अडलीय त्यांची. मला थट्टा वाटली. चार वाडगे ते तळघरात घेऊन गेले. संध्याकाळी विसळायला मोरीत आले ते तसेच भरलेले, वर जाड साय.

उगाच विचारलं का? नवीन माणसाने पहिल्याच पंधरवड्यात चौकशा करू नयेत.

२९ सप्टेंबर
तळघराच्या दाराशी चार जाड कोट टांगलेले आहेत. एकाच्या खिशात बसचं तिकीट सापडलं, एकोणीसशे सत्त्याऐंशीचं. दुसऱ्याच्या खिशात विद्यार्थ्याचं ओळखपत्र. माझ्या पट्ट्याच्याच रंगाचा पट्टा.

दुसऱ्याच्या खिशात हात घातला, याची लाज वाटते. पण घातला.

१६ ऑक्टोबर
आज मी म्हणाले, वाडगे मी नेते. टेर्वो म्हणाले, न्या की, ओळख होईल.

चार टेबलं, भिंतीकडे तोंड करून. चार माणसं लिहीत होती. मी हाक मारली, एकानेही मान वळवली नाही. जवळच्या बाईच्या पेनातली शाई केव्हाच संपलेली. कागद फाटून टेबलाच्या लाकडात चर पडलाय, आणि ती त्या चरातूनच पुन्हा पुन्हा पेन फिरवत होती. तिच्या बोटाचं हाड दिसत होतं. रक्त नव्हतं. पहिला शब्द तेवढा लागला : येऊ.

वाडगे तिथेच ठेवून वर आले. टेर्वो शांतपणे म्हणाले, यांनी पानावर खरं लिहिलं. खरं लिहिलं की पुढचा येत नाही, आणि पुढचा आल्याशिवाय मी सही करत नाही. विहिरी कोण मोजणार, बाई? जॉयलिन शहाणी. तुम्ही फाटकातून आत आलात आणि मी तिला सही दिली.

१७ ऑक्टोबर
पळाले. दार उघडं होतं, गाडी सुरू झाली, शंभर किलोमीटर आले. पेट्रोल पंपावरून विद्यापीठातल्या समन्वयक बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमची अडचण समजते, पण मुदतीआधी जागा सोडली तर सत्र बाद, आणि तुमचं एक बाद झालेलंच आहे. दुसरं झालं तर नाव कमी. सही आणणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी, कलम नऊ, त्याखाली तुमचीच सही आहे ना?

आहे. प्रत्येक कलम वाचून केली होती. वर्गात हसले होते सगळे.

रात्र पडायच्या आत परत आले. कुणी ओढून आणलं नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

३ नोव्हेंबर
तळघरात पाचवं टेबल. त्यावर माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर. कुणी लिहिलं? अक्षर माझं वाटतं.

विहिरी मोजल्या. नोंद केली. आणखी काय करणार?

१० नोव्हेंबर
व्हर्नाचा निरोप. शुक्रवारी पाचला पसंतीची यादी बंद होते. लिहिते, अगं, तुझं पान अजून दिसत नाही, पण तू म्हणशील तर ती जागा पहिली टाकते. तू खोटं बोलणार नाहीस, एवढं मला ठाऊक आहे.

एवढं तिला ठाऊक आहे.

१३ नोव्हेंबर
गुरुवार. टेर्वोंनी माझा वाडगा वर ठेवला नाही. खालच्या ताटात—

भूक नव्हतीच. कालही नव्हती. परवा—

माझा कोट. मी तो खाली टांगला नव्हता.

१४ नोव्हेंबर
चार वाजून गेले. खाली बसलेय. डावीकडची लिहिते आहे, तिचं वाक्य आता पूर्ण वाचता येतं : येऊ नका, येऊ नका. हे लिहिलं म्हणून, त्या तिकिटापासून धरली तर, अडतीस वर्षं.

मी हेच लिहिणार होते. कालपर्यंत नक्की. व्हर्ना असती तर तिने— हो, तिनेही मी आता लिहिणार तेच लिहिलं असतं. मला ठाऊक आहे.

पेनात शाई आहे अजून. पावणेपाच.

शांत जागा, व्हर्ना. माणसं प्रेमळ. दुपारी गरम सूप. निश्चिंत—