उलटं पेप्टाइड

६ जानेवारी
संकल्प: यंदा निदान एक शोधनिबंध. मुरबाडच्या कॉलेजात बायोटेक शिकवणारा मी एकटा, आणि नावावर एकही नाही. वेळच मिळत नाही. यंदा मात्र एम.एस्सी.ची रविना आहे. किन्हवलीची, कष्टाळू. विषय: भातावरच्या करप्याची बुरशी मारणारं पेप्टाइड. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ, एकेका आम्लाला एकेक अक्षर. अक्षरं कळवली की कंपनी तशी माळ बनवून पाठवते.

९ जानेवारी
रविनानं एका छापील शोधनिबंधातला क्रम उतरवून ऑर्डर लिहून आणली. कंपनीचं मशीन माळ शेवटाकडून सुरुवातीकडे ओवत येतं, हे मी कालच व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणून सगळी अक्षरं उलट्या क्रमानं लिहून दिली. रविना म्हणाली, "सर, पेपरात तर अशी नाय." वर्गासमोर समजावलं, पेपर वाचणं वेगळं, मशीन समजणं वेगळं. वर्गानं वहीत लिहून घेतलं. छाप पडली.

१३ जानेवारी
कंपनीचा मेल: क्रम हाच ना, खात्री करा. कोणी नवशिका असणार. कडक शब्दांत 'कन्फर्म' कळवलं.

११ फेब्रुवारी
पार्सल आलं! इवलीशी बाटली, तळाला चिमूटभर पांढरी पावडर. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली. हात लावू दिला नाही.

२० फेब्रुवारी
बुरशी मेली नाही. तब्येत सुधारल्यासारखी दिसते. लाईट गेली तेव्हा फ्रीज बंद पडून पावडर बिघडली असेल.

२ मार्च
पुन्हा तेच. रविनाचा हात स्थिर नाही. तसं बोललो, जरा मोठ्यानं. रडली. संशोधनात चालायचंच.

५ मार्च
माल खराब म्हणून कंपनीकडे तक्रार केली. लगेच उत्तर: माल तुम्ही सांगितला तसाच आहे. मशीन कसं ओवतं ते आमचं आम्ही बघतो, अक्षरं नेहमीसारखीच लिहायची असतात.
नव्यानं मागवायला आता वेळ नाही. जेवण गेलं नाही. संजीवनीनं विचारलं, काय झालं? बायकोला काय सांगणार. पित्त म्हटलं.
उद्या रविनाला सांगायचंच.

६ मार्च
सांगायला गेलो. ती काचेच्या बश्या धूत होती. मान वर न करता म्हणाली, "सर, माझा हात खरंच वाईट हाय काय? भाताच्या लावणीत तर बरा चालतो."
सरावानं सुधारेल, म्हणालो.
असं का म्हणालो?

२ एप्रिल
तोंडी परीक्षा. कल्याणहून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, "हा क्रम उलटा कसा?"
आज सांगायचं ठरवलंच होतं. खुर्ची सारून उभाही राहिलो. तेवढ्यात रविना म्हणाली, "माझी चूक झाली, सर."
"तुमच्या सरांनी तपासलं नाही?"
"तपासलं व्हतं. मीच ऐकलं नाय."
सगळे माझ्याकडे बघायला लागले, हा उभा का म्हणून.
मी म्हटलं, "चहा मागवू का?"
तिला मार्क कमी पडले. संध्याकाळी आम्ही दोघं घरी जातो त्या शहापूरच्या एसटीत तिनं माझ्यासाठी जागा धरली होती. काम राहिलंय म्हणून खाली उतरलो. गाडी गेली. मुरबाड स्टँडवर मला काहीच काम नव्हतं.